नवीन कार्ड कधी येणार?

संगणकाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला वर्षाचे बारा महिने एक प्रश्न ऐकावा लागतो, 'नवीन कधी येणार?' पूर्वी हा प्रश्न फक्त कॉलेजची मुले विचारायची. आता त्यांचे आईवडीलही विचारतात, कारण पैसे त्यांच्या खिशातून जायचे असतात. म्हणून आज या पानावर, पाककृतीच्या शेजारी, ग्राफिक्स कार्डाचा विषय घेतो आहे. गृहिणी वाचकांनी पान उलटू नये. विषय घरातल्या पैशाचाच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या डब्यात प्रोसेसरच्या जोडीला पंखे लावलेली, विटेएवढी जाड अशी एक पाटी असते. पडद्यावर चित्र उमटवायचे काम तिचे. प्रोसेसर हा एखाद्या हुशार हेडक्लार्कसारखा, अवघड कामे एकामागून एक उरकणारा. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो साधे कारकून एकाच वेळी एकसारखी बेरीज-वजाबाकी करत बसलेले असतात. मुले खेळासाठी ते घेतात हे खरे, पण आपल्या बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत कास्टिंगचे आराखडे त्यावर फिरतात, लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग त्यावर होते आणि अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या पोरांचे तर त्यावाचून पान हलत नाही. बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन, एनव्हिडिया आणि एएमडी. २०२२ पासून इंटेल तिसरी. आराखडा काढणारे अभियंते अमेरिकेत तसेच आपल्या पुण्यात, बेंगळुरूत नि हैदराबादेतही बसतात. चिप बहुतेक तैवानात तयार होते.

शहापूरच्या एका काकूंचा परवा फोन आला. मुलगा अ‍ॅनिमेशनचा कोर्स करतो, घरबसल्या थोडी कामेही घेतो. भिशी लागली त्यातले पैसे त्यांनी त्याच्या कार्डासाठी बाजूला काढून ठेवले आहेत. "दिवाळीपासून म्हणतोय बघा, आत्ता घेतलं की लगेच जुनं होतंय, जरा थांबूया. पैसे आपले बँकेत पडून. कामं परत जायला लागली आहेत. ही कंपनीवाली माणसं जरा दमानं का घेत नाहीत हो? चार वर्षांनी एकदा काढा म्हणावं नवीन."

काकूंचा प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही. नवी पिढी किती दिवसांनी यावी यावर या धंद्यात कंपन्या जगल्या आहेत आणि बुडाल्याही आहेत.

१९९६-९८ च्या काळात या क्षेत्रात थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचा दरारा होता. तिचे वूडू कार्ड ज्याच्या घरी, त्याच्या घरी गल्लीतली सगळी पोरे जमत. गंमत म्हणजे ते एकट्याने चालतही नसे, साधे चित्र दाखवायला शेजारी दुसरे कार्ड लागे आणि दोघांमध्ये एक वायर जोडावी लागे. एनव्हिडिया तेव्हा जेमतेम तग धरून होती. १९९७ च्या रिवा १२८ या चिपने तिला वाचवले. त्यानंतर त्यांनी ठरवले, की दर सहा महिन्यांनी बाजारात काहीतरी नवे आणायचेच. संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आपले माल बदलत. त्या दोन्ही वेळी आपली चिप तयार असली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

आता एक चिप आखून हातात यायला दीड वर्ष लागते, मग सहा महिन्यांत नवी कशी येणार? तर आपल्या आया भाकऱ्या करतात तशी. एक परातीत थापली जात असते, एक तव्यावर असते, एक निखाऱ्यावर फुगत असते. प्रत्येक भाकरीला वेळ तेवढाच लागतो, पण ताटात मात्र लागोपाठ पडत राहते. एनव्हिडियाने तीन गट केले आणि एकेका गटाला सहा सहा महिन्यांच्या अंतराने कामाला लावले. १९९८ मध्ये टीएनटी, १९९९ च्या सुरुवातीला टीएनटी-२, त्याच वर्षी ऑक्टोबरात जीफोर्स २५६, २००० च्या एप्रिलमध्ये जीफोर्स-२ आणि २००१ मध्ये जीफोर्स-३. तिकडे थ्रीडीएफएक्सने कार्ड बनवणारी एक कंपनी विकत घेऊन स्वतःच कार्डे करायचे ठरवले. त्यामुळे इतके दिवस तिच्या चिपा घेणारे कारखानदार दुखावले आणि समोरच्याच्या दारात गेले. तिचे वूडू-५ लांबत लांबत २००० च्या जूनमध्ये आले, तोवर समोरच्याची दुसरी भाकरी ताटात पडली होती. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची तंत्रे आणि नाव एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले आणि २००२ मध्ये उरलेल्या कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

त्या दिवसांत माल विकणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून पेटी मागवायची आणि ती संपायच्या आत भाव पडायचा. घेणाऱ्याचेही तेच. पहिल्या वर्षी घेतलेल्या कार्डावर तिसऱ्या वर्षीचा खेळ उघडत नसे. २००४ पासून तर कार्ड बसवायची खाच बदलू लागली. एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आली, म्हणजे कार्डाबरोबर मदरबोर्डही नवा. तरी माणसे तक्रार कमी करत, याचे कारण दर वेळी खरोखरच डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडत होता. काल पाणी म्हणजे निळा पत्रा होता, आज त्यात आकाश दिसू लागले.

पुढे वेग मंदावला तो कंपन्यांना दया आली म्हणून नव्हे. चिपवर जे सूक्ष्म खटके कोरतात ते दर दोनेक वर्षांनी लहान होत जात आणि तेवढ्याच जागेत दुप्पट मावत. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये हे भाकीत केले आणि १९७५ मध्ये दोन वर्षांचा हिशेब सांगितला. कारखान्याचे हे तंत्र जेव्हा बदलते तेव्हाच नव्या पिढीला खरा अर्थ असतो. ते अडले, की पिढी नावापुरती. २०१२ ते २०१६ अशी चार वर्षे ग्राफिक्स कार्डे २८ नॅनोमीटरच्या एकाच तंत्रावर अडकून पडली होती. त्या काळात एनव्हिडियाने ६००, ७०० आणि ९०० अशा मालिका काढल्या. आराखड्यात कसब दाखवून काही सुधारणा केल्या, हे मान्य करायला हवे. पण २०१६ मध्ये तंत्र बदलले तेव्हा जीटीएक्स १०६० आणि १०८० ने जी उडी मारली, ती पाहून लोक थक्क झाले. त्यानंतर मोठ्या पिढ्या साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येतात. सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५.

मग काकू म्हणतात तसे चार वर्षांवर न्यावे का? इथे माझे मत जरा वेगळे आहे. उशिरा येणारे चांगलेच असते, असे नाही. २०१८ चेच पाहा. मार्च २०१७ मध्ये १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला आले होते. दीड वर्षाने आरटीएक्स २०८० आले, त्याची किंमत ६९९ डॉलरपासून पुढे, आणि जुन्या खेळांत वेग जवळपास तेवढाच. नवे काय, तर प्रकाशाचे किरण मोजून सावल्या काढण्याची सोय. पण कार्ड बाजारात आले त्या दिवशी ती सोय वापरणारा एकही खेळ बाजारात नव्हता. वरच्या किमतीत एएमडीकडे तोडीस तोड काही नव्हते, म्हणून हे खपले. शेजारी दुसरे दुकान नसले, की दुकानदार माल कितीही दिवसांनी आणो, भाव त्याचाच. तेव्हा नुसते अंतर वाढवून गिऱ्हाइकाचे भले होत नाही.

उलट २०२०-२१ मध्ये पिढी वेळेवर आली आणि माल मात्र दिसेना. कोविडमुळे घरी बसलेली माणसे, चिपांचा तुटवडा आणि इथेरियम नावाचे आभासी नाणे कार्डांवर 'खणणारे' लोक, असे तिहेरी संकट. त्या वर्षी एका वितरकाने मला सांगितले, की कार्ड पाहिजे असेल तर सोबत न खपणारे दोन मदरबोर्ड घ्यावे लागतील. मी घेतले नाहीत. दोन गिऱ्हाइके गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, खाणकाम थांबले आणि वापरून वापरून तापलेली कार्डे पोत्यांनी बाजारात आली. अजूनही जुने कार्ड घेताना मी त्याचे पंखे हाताने फिरवून पाहतो आणि अर्धा तास पूर्ण भारावर चालवल्याशिवाय पैसे देत नाही.

मला खरी चीड आहे ती किती वर्षांनी याची नाही, पाटी बदलण्याची आहे. २००२ मध्ये जीफोर्स-४ एमएक्स नावाचे कार्ड आपल्याकडे खूप खपले. नावात चार, पण आदल्या वर्षीच्या तीनमध्ये जी नवी सोय होती तीच त्यात नव्हती. आतून ते दोनच्या जवळचे. पुढे ९८०० जीटीएक्स प्लस हेच कार्ड २००९ मध्ये जीटीएस २५० या नावाने आले. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० नावाची दोन वेगवेगळी कार्डे जाहीर झाली, एक १६ जीबीचे आणि एक १२ जीबीचे. दोन्हींच्या आतली चिपच निराळी. तेव्हा लोक एवढे खवळले, की बारावाले बाजारात येण्याआधी मागे घ्यावे लागले. अशी माघार क्वचित पाहायला मिळते.

मेमरीचे उदाहरण तर घराघरांत समजेल असे आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० वर ८ जीबी मेमरी होती. २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी मिळाली. २०२३ च्या ४०६० वर पुन्हा ८ आणि २०२५ च्या ५०६० वरही ८. खेळ आणि आराखडे दिवसेंदिवस जड होत चालले असताना, नऊ वर्षांनी आलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतही डबा तेवढाच. साबणाच्या वडीचे वजन कमी करून वेष्टनावर 'नवीन' छापतात, त्यातलाच हा प्रकार. याला पिढी म्हणायला माझे मन घेत नाही.

आणि आता तर आपण घरगुती गिऱ्हाइके मागच्या बाकावर गेलो आहोत. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची खेळांच्या कार्डांची कमाई डेटा सेंटरच्या कमाईपेक्षा जास्त होती. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात डेटा सेंटरचे सुमारे ११५ अब्ज डॉलर आणि खेळांचे सुमारे ११ अब्ज. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या मोठ्या गिऱ्हाइकांसाठी कंपनीने २०२४ मध्ये उघड सांगितले, की आता दर वर्षी नवे देणार. त्यांना ते परवडते. तिथे विजेच्या प्रत्येक युनिटचा हिशेब असतो आणि नव्या चिपेने त्याच विजेत दुप्पट काम केले, तर जुनी काढून टाकण्यात शहाणपण असते. शिवाय यंत्र रात्रंदिवस राबत असते. आपल्या घरातले कार्ड दिवसातून चार तास चालते, त्याला हा न्याय कसा लावणार? पण चिपेचा कारखाना एकच आणि मेमरी बनवणारेही तेच. मोठ्याची पंगत आधी वाढली जाते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती मेमरीचा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. माझ्या दुकानातल्या मेमरीच्या फळीवर त्याचा परिणाम लगेच दिसला.

तेव्हा कितीने यावी? मला विचाराल तर घरगुती कार्डांसाठी दोन ते तीन वर्षे हे अंतर बरोबर आहे, आणि तेही कारखान्याचे तंत्र बदलले असेल किंवा खरोखर नवी सोय असेल तेव्हाच. नसेल तर जुन्याच नावाने भाव उतरवून विकावे, कमीपणा कसला? प्लेस्टेशनची यंत्रे २००६, २०१३ आणि २०२० अशी सात सात वर्षांनी आली. एकाच यंत्रावर इतकी वर्षे काम केल्यामुळे खेळ लिहिणाऱ्यांनी शेवटी शेवटी त्यातून जे काढले, ते पहिल्या वर्षी कुणाला जमले नव्हते. संगणकाला सात वर्षे फार होतील, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला यंत्र कळायला वेळ द्यावा लागतो, हे त्यातून दिसते.

नवी सोय म्हणजे काय, याचे एक ताजे उदाहरण देतो. टिळकवाडीत लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचा कॅमेरा रंगांचा बारकावा जास्त ठेवणाऱ्या '४:२:२' पद्धतीने चित्रण करतो. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना ही पद्धत थेट उलगडता येत नसे, सगळा भार प्रोसेसरवर पडे आणि एडिटिंग करताना चित्र अडखळत चाले. ते त्याची हलकी प्रत काढून काम करत आणि त्यात एकेक रात्र जाई. २०२५ च्या ५० मालिकेत ती सोय आली. तुळशीचे लग्न झाले की यांची लग्नसराई सुरू, दोन दिवसांत पार्टीला गाणी लावून क्लिप द्यावी लागते. त्यांच्यासाठी ही पिढी खरी पिढी. मी त्यांना दसऱ्याच्या आधी कार्ड बसवून दिले, खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू लागले. पण त्यांच्याच शेजारी खेळाच्या वेडापायी ४० मालिकेतले कार्ड विकून ५० घ्यायला निघालेला एक मुलगा होता. त्याला मी परत पाठवले. माझा धंदा गेला, पण त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावले.

विजेचाही विचार व्हावा. २०१६ च्या जीटीएक्स १०८० ला १८० वॅट लागत. ४०९० ला ४५० आणि जानेवारी २०२५ च्या ५०९० ला ५७५. हे शेवटचे कार्ड आपल्याकडे दोन लाखांच्या वर जाते, तेव्हा ते सोडा. पण मधल्या कार्डांनाही जुना पॉवर सप्लाय पुरत नाही, डबा लहान पडतो आणि आपल्याकडे लाइट गेली, की साधा यूपीएस दम तोडतो. कार्डाचा भाव विचारताना हे सगळे धरून विचारावे.

शहापूरच्या काकूंना मी दोनच गोष्टी विचारल्या. मुलाची किती कामे परत गेली आणि त्यांचे किती पैसे झाले असते? त्यांनी मुलाला विचारून सांगितले, पाच महिन्यांत तीन कामे. त्या तिन्हींचे मिळून पैसे कार्डाच्या निम्म्या किमतीएवढे भरले. म्हणजे थांबून जे वाचणार होते त्याच्या कितीतरी पट थांबण्यातच गेले. ज्याचे काम अडले आहे, त्याने आज बाजारात जे आहे त्यात जास्त मेमरीचे, आपल्या पैशात बसणारे घ्यावे. एखादी पिढी मागची असली तरी हरकत नाही. ज्याचे काम अडलेले नाही, त्याने नव्याची वाट पाहावी, नव्हे, पाहायचीही गरज नाही. पोराचे तोंड जरा उतरले, असे काकू म्हणाल्या. त्याला सर्वांत नवे हवे होते.

जुन्यांचे काय होते, हाही एक भाग. नवी पिढी आली, की पुण्या-बेंगळुरूतल्या नोकरदार मुलांची कार्डे आमच्याकडे येतात, आमच्याकडची खानापूर, चंदगड, निपाणीकडे जातात. गरीब विद्यार्थ्याला पाच-सहा हजारांत हात शिकायला मिळतो तो या वाटेने. म्हणून पिढ्या अजिबात येऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. पण ही वाट चालू राहायला जुन्या कार्डाला कंपनीचा आधार पाहिजे. कार्ड चालवणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कंपनीने नव्या खेळांसाठी आणि सॉफ्टवेअरसाठी बदलून देणे थांबवले, की चांगले चालणारे कार्ड अडगळीत जाते. जीटीएक्स १०६० च्या पिढीला असे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले, आता सुरक्षेपुरती डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. नऊ वर्षे म्हणजे वाईट नाही. पण २०१६ मध्ये ते कार्ड घेणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, सांगितले गेले ते २०२५ च्या जुलैअखेर.

औषधाच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. कार्डाच्या खोक्यावर वॅटचा आकडा असतो, जीबी असते, ड्रॅगनचे नाही तर राक्षसाचे चित्रही असते. अमुक सालापर्यंत आम्ही याला सांभाळू, एवढी एक ओळ तेवढी नसते. ती छापली, तर दोन वर्षांनी नवे काढा नाहीतर तीन, काकूंसारख्यांना हिशेब करता येईल. दुकानात आता कुणी 'नवीन कधी येणार' विचारले, की मी त्याला खोके हातात देतो आणि ती ओळ कुठे दिसते का बघायला सांगतो.